दहावर धरलेली टेप

टेपच्या टोकावर मिस्त्रींचा काडीचा विश्वास नव्हता. टोकाची पत्री घासते, सैल होते, आपटून वाकते, आणि मग शून्य नेमकं कुठे सुरू होतं ते देवालाच ठाऊक. म्हणून दरवाजा असो की खिडकी, मिस्त्री टेपवरची दहाची खूण कडेला लावायचे आणि "दहा!" असं ओरडायचे. टेपच्या दुसऱ्या बाजूला त्यांचा मेव्हणा. तो आकडा वाचायचा, मनातल्या मनात दहा सेंटिमीटर वजा करायचा आणि फळीवर रेघ मारायचा. एकवीस वर्षं दोघांनी असेच दरवाजे केले आणि एकही चौकटीत अडला नाही.

अडलं ते एक कपाट. मेव्हणा तापाने झोपलेला असताना मिस्त्रींनी एकट्यानेच घरच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्याचं माप घेतलं, सवयीने "दहा!" असं भिंतीला सांगितलं, आणि भिंतीने अर्थातच काही वजा केलं नाही. कोनाड्यापेक्षा दहा सेंटिमीटर रुंद झालेलं ते कपाट आजतागायत जायच्या-यायच्या वाटेत उभं आहे. घरातल्या प्रत्येकाचा गुडघा त्याला ओळखतो. आल्यागेल्याला बायको ते आवर्जून दाखवते, "हे आमच्या ह्यांचं दहा."

असा माणूस भालाफेकीच्या मैदानावर कसा पोहोचला? शेजारच्या शाळेला लाकडी भाले हवे होते, ते मिस्त्रींनी तासून दिले. नीट उडतात का बघायला म्हणून गेले आणि तिथेच रमले. पोरांचे भाले कुठे टेकले ते दाखवू लागले. मग पंचांची परीक्षा दिली, नापास झाले, पुन्हा दिली. अकरा वर्षं शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत उन्हातान्हात उभे राहिले, तेव्हा कुठे शहरात आंतरराष्ट्रीय स्पर्धा आल्या आणि पुरुषांच्या भालाफेकीच्या अंतिम फेरीत त्यांना काम मिळालं. भाल्याचं टोक जिथे पहिल्यांदा टेकेल तिथे खिळा रोवायचा, बस. बायकोने पांढऱ्या शर्टाला दोनदा इस्त्री केली. निघताना म्हणाली, "अहो, तिथे कपाट करून ठेवू नका म्हणजे झालं."

"तिथे यंत्राने मोजतात," मिस्त्री तोऱ्यात म्हणाले.

आणि खरंच यंत्राने मोजत होते. मिस्त्री खिळा रोवून बाजूला व्हायचे, तिपाईवरचं यंत्र तिकडे बघायचं आणि फलकावर आकडा यायचा. बारा भालाफेके, प्रत्येकाला तीन फेकी. त्यातून पहिल्या आठांना आणखी तीन, उरलेल्या चौघांना घरचा रस्ता. दोन फेऱ्या सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या फेरीत सगळ्यांत शेवटी निळ्या बनियनमधल्या एका गड्याने जीव तोडून भाला फेकला, पंचांनी फेक ग्राह्य असल्याचा पांढरा झेंडा दाखवला आणि नेमकं तेव्हाच यंत्र मख्खासारखं बसून राहिलं.

"टेप काढा," मुख्य पंच मॅडमनी हुकूम सोडला.

शंभर मीटरची पोलादी टेप आली. फेकीच्या रेषेपाशी आकडा वाचायला गणिताचे एक सर होते. इकडे खिळ्यापाशी मिस्त्री गुडघ्यावर बसले. सकाळपासून त्यांचे हात परक्या घरी आल्यासारखे अवघडले होते, टेप मिळाली आणि ते एकदम सैलावले. मिस्त्रींनी टेप खिळ्याला लावली, ताणली, मान वर करून ओरडले. लांबून सरांनी हात उंचावला. फलकावर आकडा आला, ७८.४१. निळ्याने उडीच मारली, कारण तो आठवा आला होता. नववा ठरला पिवळ्या बनियनवाला. त्याची सर्वांत लांबची फेक ७८.३६.

खिळा उपटताना मिस्त्रींनी आणखी एक सवयीचं काम केलं. काम जागेवर बसेपर्यंत खूण पुसायची नाही, असं त्यांना वस्तादांनी शिकवलं होतं. कानामागचा लाल पेन्सिलीचा तुकडा काढून त्यांनी त्या भोकात खोचून दिला.

फेरी संपली. चौथी सुरू व्हायला थोडा अवकाश होता. गणिताचे सर पाण्याची बाटली घेऊन रमतगमत आले.

"घ्या. मघाशी पाण्यासाठीच ओरडलात ना? मी हात केला बघा."

"पाणी कुठे? मी दहा म्हणालो."

"दहा काय?"

मिस्त्रींनी बाटली घेतलीच नाही. "सर, तुम्ही दहा वजा केले ना?"

"कशातून? टेपवर दिसलं ते वाचलं मी," सर म्हणाले. पण माणूस गणिताचा. पुढच्याच क्षणी त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे ती फेक... मिस्त्री, ती अठ्ठ्याहत्तर एकतीस होती?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"मॅडमना सांगितलंत तर ही तुमची शेवटची स्पर्धा," सर हळू आवाजात म्हणाले. "विचार करा."

मिस्त्रींनी बाकांकडे पाहिलं. निळा कोचशी हसत बोलत होता. पलीकडे पिवळा एकटाच बसला होता. कोपराची पट्टी सोडून झाली होती आणि एक बूट काढून झाला होता. खोटं कशाला सांगायचं, गप्प बसायचा विचार मिस्त्रींच्या मनात आला, आणि चांगला ऐसपैस बसला. अकरा वर्षांचं ऊन आठवलं, दोनदा इस्त्री केलेला शर्ट आठवला. पण घरच्या कपाटाने फार तर गुडघे फोडले होते. इथे हा माणूस आपल्या देशात परत जाणार आणि जन्मभर समजणार, की आपण पाच सेंटिमीटर कमी पडलो. तो कमी पडलाच नव्हता. पिवळ्याने दुसऱ्या बुटाच्या नाडीला हात घातला आणि मिस्त्री धावत सुटले.

"मॅडम, थांबवा! निळ्याचं माप चुकलंय. मी टेप दहावर धरली होती."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "दहावर का?"

"दुकानात तशीच धरतो. हाताला सवय आहे."

"तुम्हाला खात्री आहे?"

"धरताना बघितलं नाही, मॅडम. पण हात माझेच आहेत, मी त्यांना चांगला ओळखतो."

"आणि आता मोजायचं कुठून? गवतात तीसेक भोकं पडलीत."

"त्याच्यात माझी पेन्सिल आहे."

हसावं की रागवावं हे मॅडमना कळेना. "मैदानात पेन्सिल खोचायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही," मिस्त्री म्हणाले.

चौथी फेरी थांबवली गेली. तोवर यंत्राची सैल झालेली वायर जागेवर बसली होती. गवतात लाल तुकडा सापडला, त्याच भोकात खिळा गेला, यंत्राने मोजलं. मग मॅडमनी स्वतः वाकून शून्य खिळ्याला लावलं आणि टेपनेही मोजून घेतलं. दोन्हीकडे एकच आकडा, ७८.३१. स्वतःची चूक खरी ठरल्याचा एवढा आनंद मिस्त्रींना आयुष्यात कधी झाला नव्हता. छातीवर ठेवलेला ओंडका कुणीतरी उचलल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

निळ्याला मात्र काय वाटलं असेल ते सांगायला नको. मिस्त्री त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले, "चूक माझी" म्हणाले. तो त्याच्या भाषेत दोन-चार शब्द बोलला. ते शब्द मिस्त्रींना कळले नाहीत, पण सूर कळला, आणि ते मान खाली घालून सगळं ऐकून घेत उभे राहिले. मग तो पाठ फिरवून गेला. ते त्यांच्या वाट्याचंच होतं.

पिवळ्याने घाईघाईने बूट चढवले. चौथी फेक रेषेवर पाय पडून बाद झाली. पाचवी बरी गेली. सहावीला तो धावत आला, पुढचा पाय खाडकन रोवला आणि भाला सुटला. मिस्त्रींना दिसलं की हा आपल्याही मागे जाऊन पडणार. ते उलटे धावले. ८२.०७. पिवळा चौथा आला. पदक नाही, काही नाही, पण तो दोन्ही हात वर करून असा नाचला की जणू पदकं त्याच्यासाठीच केली होती. आपल्या तीन फेकी एका पेन्सिलीतून परत आल्या, हे त्याला कळलं की नाही कोण जाणे. मिस्त्रींचा जीव मात्र तेव्हा भांड्यात पडला, आणि भांडंही चांगलं खणखणलं.

सामान आवरताना त्यांनी गळ्यातलं पंचाचं ओळखपत्र काढून मॅडमपुढे धरलं. कुणी मागायच्या आधी आपणच दिलेलं बरं.

"हे कशाला?" मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी थाळीफेक आहे. सातला हजर व्हा. टेप लागली तर तुम्हीच धरायची."

"मी, मॅडम?"

"शून्य कुठे असतं हे या मैदानावर तुमच्याइतकं आता कुणाच्या लक्षात राहणार आहे? फक्त धराल तेव्हा मोठ्याने सांगा."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. शर्टाची बाही मळकी निघाली, पण त्यांनी तिनेच पुसले. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कपाटाला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वेळेवर तोंड उघडलंत, बरं केलंत," आणि कपाटाबद्दल त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही.

स्पर्धा संपल्या. मिस्त्रींनी कानाला खडा लावला होता, की यापुढे दहा बंद. सोमवारी दुकानात सागवानाची फळी टेबलावर चढली. मिस्त्रींनी टेपचं टोक कडेला नीट लावलं, दोनदा तपासलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "शून्य!"

मेव्हण्याने मान डोलावली, आकडा वाचला, एकवीस वर्षांच्या इमानाने दहा वजा केले आणि फळी कापून मोकळा झाला. दुपारी दरवाजा चौकटीत उभा केला तर खालून मांजर खुशाल आत-बाहेर करू शकेल एवढी फट.

मेव्हणा रडकुंडीला आला. "दाजी, चुकलो हो! एवढं चांगलं लाकूड, आता काय करायचं?"

मिस्त्रींनी त्या फटीकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. इतकं, की ते भुशातच बसले. मेव्हणा घाबरून पाणी घेऊन आला.

"अरे, फळीच आहे ती," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. "दुसरी काप."