वरचा फोन

अख्ख्या वऱ्हाडात मोबाईल फोनला तणसावर निजवणारा एकच माणूस निघाला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आम्ही एकमेकांना साडभाऊच म्हणतो. मूळचे ते मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेतले. नोकरीनं दर्यापूरच्या एका शाळेत भूगोलाचे मास्तर झाले, पण बाग काही डोक्यातून गेली नाही. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाचा जन्ममहिना विचारून त्यांनी भर बैठकीत त्याला, संत्र्याचा हंगाम सांगावा तसा, ‘मृग बहार, टिकाऊ हाय’ असा शेरा दिला होता. जावई अजून टिकून आहे. स्वतः साडभाऊ बटणांचा फोन वापरत आणि दर्यापूरहून अशा आवाजात बोलत, की मला अकोल्यात फोन नसता तरी चाललं असतं.

त्यांच्या शाळेतली मुलं खेड्यांतून जीपनं, बसनं येणारी. त्यामुळे घरच्यांना मुलांकडे फोन हवाच होता. पण मधल्या सुटीत मैदान मोकळं आणि कट्ट्यावर ओळीनं खाली घातलेल्या माना. आपला फोटो कोणीतरी काढून भलतीकडे पाठवल्यावरून एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी बैठक घेतली. सगळे मास्तर छताकडे पाहू लागले. साडभाऊ म्हणाले, “मले द्या.” दुसऱ्या दिवशी ते संत्र्याचं लाकडी खोकं घेऊन फाटकात बसले. प्रत्येक फोनला नावाची चिठ्ठी, मग तणसाचा, म्हणजे वाळल्या गवताचा, थर, मग फोनांचा थर, पुन्हा तणस. संध्याकाळी सगळे परत. पहिला आठवडा मुलं सुटीत हरवल्यासारखी फिरली. दुसऱ्या आठवड्यात लंगडी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसची काच फुटली आणि साडभाऊंनी ती आनंदाची बातमी मला ताबडतोब कळवली. “पोट्टे खेळून राहिले, साडभाऊ.”

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी सकाळीच शाळेत गेलो, तर मुलांच्या फोनांनंतर शेवटी माझाही फोन खोक्यात गेला. “पाव्हणा असला म्हणून काय झालं?” त्याआधी, खोकं रिकामं असतानाच, सर्वांत आधी आलेली नववीतली एक मुलगी मात्र फाटकात फोन छातीशी धरून उभी होती. तिच्या आईचं अकोल्याला ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी आई बोलेल, असं बाबांनी सांगितलं होतं.

“सर, आजच्या दिवस राहू द्या ना.”

“एकाले सोडलं त सारेच मांगतीन. वाजला का तुह्या हातात आणून देतो. जबान देली ना मी.”

तिनं फोन दिला. साडभाऊंनी तो सवयीनं खोक्यात ठेवला. जो आधी आला तो तळाला. संत्री अशीच भरतात.

साडभाऊंच्या रिकाम्या तासाला आम्ही फाटकात बोलत बसलो होतो, तेव्हा साडेबाराच्या सुमारास खोकं वाजू लागलं. साडभाऊंनी हात घातला, तणस उडवलं, आधी माझा फोन निघाला, मग आणखी कोणाकोणाचे सात. आवाज अजून खालीच. “साडभाऊ, तळाशी हाय,” म्हणत त्यांनी खोकंच उचललं, डोक्यावर घेतलं आणि धावत सुटले. निवृत्तीला वर्ष उरलेलं, गुडघे केव्हाचेच निवृत्त. मैदानातून वाजणारं खोकं चाललं होतं, मागे तणसाची रेघ आणि त्या रेघेवर मी. पाण्याच्या टाकीपाशी आवाज बंद पडला. साडभाऊ थांबले. त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. मग खोकं पुन्हा वाजलं.

नववीच्या वर्गात खोकं उपडं झालं. पोरीनं तणसातून आपला फोन अचूक उचलला. “हो आई. जेवली. तू भिऊ नको.” साडभाऊ दाराकडे तोंड करून सदऱ्यावरचं तणस वेचत होते. ते बराच वेळ वेचत राहिले.

आई बरी झाली. महिन्याभरानं स्वतःच्या मळ्यातली वांगी घेऊन शाळेत आली. त्याआधीच साडभाऊंनी भरण्याची रीत बदलली होती. रोज फाटकात ते विचारत, “आज वरचा कोनाचा?” कोणी हळूच सांगे, आजी दवाखान्यात आहे, कोणी सांगे, दादाची मुलाखत आहे. त्याचा फोन सर्वांत वर. अख्ख्या शाळेत कोणाच्या घरी काय चाललंय, हे त्या एका माणसाला ठाऊक असे.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाळेत आता नंबर घातलेलं लोखंडी कपाट आलंय. चांगलं आहे, फक्त ते कोणाला काही विचारत नाही. खोकं साडभाऊंनी घरी आणलं, आता त्यात त्यांचा स्वतःचा फोन निजतो. परवा मी मुद्दाम साडेबाराला त्यांना फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

“इतका वेळ काहून लागला, साडभाऊ?” मी विचारलं. “तळाला ठेवला होता काय?”

“नाई,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच इतक्या हळू, की मला फोन कानाशी दाबून धरावा लागला. “वरच होता. एकटाच हाय ना तो. जरासा वाजू देला.”