बंद शटरचं उत्पन्न

"म्याडम, चहा तरी घ्या. आपल्याच कंपनीचा हाय," आमचे मालक म्हणाले.

"बार्शी नाक्याच्या नव्या दुकानातून मागवा, मग घेते," ऑडिटरबाई म्हणाल्या.

मालक हसले. "तिथं लई गर्दी असती."

त्या दुकानाची, म्हणजे आमच्या चहाचं नाव वापरायची, फ्रँचायझी फी आम्ही यंदाच्या उत्पन्नात धरली होती. दुकान सुरू झाल्याशिवाय ती धरता येत नाही. बाईंनी सही न करता पेनाला टोपण लावलं. त्यांना मी फक्त त्या एकाच दिवशी पाहिलं. मी हिशेब लिहायचे. नोकरी मला हवी होती आणि मान खाली घालून बसायची सवयही होती.

"मी फक्त विचारू शकते," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "सांगायला आतलं माणूस लागतं."

"मॅडम, मी रोज तिथूनच येते," मी म्हणाले. "ते शटर अजून उघडलेलंच नाही."