बाकाचं टोक

आमच्या सांगलीच्या घरासमोर बदामाच्या झाडाखाली सिमेंटचा एक बाक आहे. संध्याकाळी माझे वडील, अण्णा, तिथं जाऊन बसतात, तेही अगदी टोकाला. अख्खा बाक रिकामा आणि अण्णा अर्धे बाकावर, अर्धे बाहेर.

काल उजेड असतानाच ऑफिसातून घरी येत होतो, तेव्हा लक्षात आलं. ठाण्याला सोसायटीच्या फाटकाशी असाच बाक होता. त्यावर चार म्हातारे दाटीवाटीनं बसायचे आणि अण्णांची जागा कडेची. मोकळी हवा, मुलीला अंगण, संध्याकाळी वेळेवर घर, यासाठी मी बदली मागून घेतली. ते सगळं मिळालं. मला मिळालं. सामान तर काचेच्या बरण्यांसकट नीट आलं. अण्णांची माणसं कुठल्या ट्रकात घालणार होतो?

"करमतं ना, अण्णा?" मी विचारलं.

"हवा छान आहे रे इथली." आल्यापासून त्यांचं हेच उत्तर.

मी त्यांच्याजवळ बसलो. माझ्या पलीकडे अजून दोघांपुरती जागा होती. तिकडे बघत अण्णा आणखी कडेला झाले आणि हळूच म्हणाले, "जरा इकडे सरक."

मी सरकलो.