नखाच्या कडेपर्यंत निळं

डोंगरमाथ्यावरच्या त्या वेधशाळेत आबांच्या उजव्या अंगठ्यावाचून पान हलत नसे. ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल, पण तिथला कारभारच तसा होता.

सूर्याभोवती फिकट तेजाचं एक कडं असतं, त्याला प्रभामंडळ म्हणतात. ते कायम तिथंच असतं, पण सूर्याच्या झगमगाटापुढं त्याचं काही चालत नाही. खग्रास ग्रहणात चंद्रानं सूर्य झाकला की मगच ते दिसतं. ग्रहणाची वाट कोण बघत बसणार, म्हणून इथल्या दुर्बिणीच्या पोटात एक गोल तबकडी बसवलेली होती. तिनं सूर्य झाकायचा आणि कडेचं तेज टिपायचं. अडचण एवढीच, की हवेत धूळ असली तर धूळच उजळते आणि प्रभामंडळ त्यात बुडून जातं. शिवाय अशा हवेत झाकण उघडलं तर भिंगावर धूळ बसते, ती वेगळीच डोकेदुखी.

म्हणून रोज सकाळी आबा घुमटाबाहेरच्या कट्ट्यावर उभे राहत. डावा डोळा मिटायचा, हात लांब करायचा, अंगठ्याच्या नखामागं सूर्य दडवायचा आणि नखाच्या कडेला आकाश कसं आहे ते बघायचं. थेट कडेपर्यंत निळं असलं तर म्हणायचं, "उघडा." कडेला ताक सांडल्यासारखं पांढरं दिसलं तर, "राहू द्या." या कामासाठी एक यंत्रही होतं. ते बिघडलं तेव्हा कुणी दुरुस्तीला पाठवलंच नाही. अंगठा होता ना!

स्वयंपाकी त्यांना "अंगठेबहाद्दर" म्हणे. आबा चांगले शिकलेले, सही तर अशी झोकदार की बघत राहावं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आबांनाही ते मनातून आवडत असावं. पहारेकरी म्हणून लागलेला माणूस साऱ्या वेधशाळेचा दिवस ठरवतो, याची थोडी घमेंड त्यांना होती, आणि ती असायला हरकत नव्हती. खोट एवढीच, की एकदा "राहू द्या" म्हटल्यावर "पुन्हा बघता का" असं विचारलेलं त्यांना खपत नसे.

त्यांची एकुलती एक लेक याच कट्ट्यावर लहानाची मोठी झाली होती. एक डोळा मिटून अंगठा धरायला आबांनीच तिला शिकवलं होतं. पुढं तिचं लग्न झालं ते खालच्या खोऱ्यात दगडाची खडी पाडणाऱ्याशी. जावई कष्टाळू, बोलायला गोड. लग्नात आबा त्याला म्हणाले होते, "जावईबापू, तुमचा धंदा धुळीचा आणि माझा बिनधुळीचा. सांभाळून घ्या." जावयानं ते मनावर घेतलं. खडीवर पाण्याचे फवारे बसवले, भोवती उंच पत्रे ठोकले. बरीच वर्षं काही कुरकुर नव्हती.

मग नखाची कड पांढुरकी व्हायला लागली.

आधी अधूनमधून, मग रोजच. आबा कट्ट्यावरून खोऱ्याकडं बघत आणि दात ओठ खात. आणि वेळही कशी! दर अकरा वर्षांनी सूर्य अंगात आल्यासारखा वागतो. त्याच्यावर डाग वाढतात, चुंबकीय ताणानं तापलेल्या वायूच्या कमानी उभ्या राहतात, कधी एखादी तुटून अवकाशात फेकली जाते. वेधशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या याच काळाची वाट बघत होत्या. कमान सुटण्याआधी तिच्या मुळाशी काय घडतं, हे त्यांना टिपायचं होतं. मागच्या खेपेला त्या दुसऱ्याच्या हाताखाली होत्या, पुढच्या खेपेला निवृत्त झालेल्या असणार होत्या.

आणि आबा रोज सांगत होते, "राहू द्या."

त्यातच एका सकाळी सूर्याच्या कडेवर एक प्रचंड कमान सुटली. उपग्रहांना ती वर आल्यावर दिसली. मुळाजवळचं दृश्य फक्त इथून मिळालं असतं, आणि इथलं झाकण बंद होतं. संध्याकाळी बातमी आली तेव्हा बाई ताटावरून तशाच उठल्या. आबा दारात उभे होते. जाता जाता बाई म्हणाल्या, "तुमचा काय दोष, आबा? आकाशच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी जावयाचा खडीचा क्रशर बंद करावा म्हणून वेधशाळेनं तक्रार केली. साक्षीदार अर्थातच आबा.

लेक तरातरा डोंगर चढून आली. "आबा, तुमच्या एका अंगठ्यापायी माझ्या घराला कुलूप लागणार!"

"मला जे दिसतं ते मी सांगतो. घरचं म्हणून निळं सांगू?"

"मग यापुढं मला लेक म्हणू नका," ती म्हणाली आणि पाणीही न पिता उतरून गेली. आईनं हाका मारल्या, तिनं वळून बघितलं नाही. त्यानंतर ना फोन, ना येणं. आबा जेवताना म्हणत, "खरं बोललं की असंच होतं." बायको म्हणे, "अहो, तुम्हाला हल्ली समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा पसरलेले दिसतात. तो पण जावयाचाच दोष का?" आबा म्हणत, "हे नवे दिवेच मेले तसले."

तपासणीला अधिकारी आले त्या दिवशी लेक आणि जावई दोघंही कट्ट्यावर होती. बाई होत्या, स्वयंपाकी कामं टाकून आला होता. आबांनी नेहमीसारखा अंगठा धरला. कडेला पांढरं, आज तर नेहमीपेक्षा जास्तच.

"बघा साहेब. दूध आहे नुसतं."

साहेबांनी अंगठा धरला, पण काय बघायचं हेच त्यांना कळेना. तेवढ्यात लेक पुढं झाली. तिनं एक डोळा मिटला, हात लांब केला.

"आबा, निळं आहे. नखाच्या कडेपर्यंत निळं आहे."

"नवऱ्याची बाजू घेतेस!"

"तुम्हीच शिकवलंत ना? मग बघा तरी नीट!"

आबांना राग इतका आला की डोळ्यात पाणी भरलं. उजवा डोळा चोळता चोळता त्यांनी अंगठा पुन्हा वर केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डाव्या डोळ्यानं बघितलं.

निळं होतं.

त्यांनी डोळा बदलला. पांढरं. पुन्हा बदलला. निळं. साहेब कागदावर लिहायला लागले होते, सही तेवढी बाकी होती. आबा गप्प राहिले असते तर लेकीचा शब्द बापाच्या शब्दापुढं कुणी धरला नसता, आणि हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांना भयंकर लाज वाटत होती.

"साहेब, लिहू नका," आबा म्हणाले. "आकाश स्वच्छ आहे. खोट माझ्या डोळ्यात आहे."

मग बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

बाईंना कुठला दिवस आठवला असणार, हे आबांना ठाऊक होतं. बाई जास्त थांबल्या नाहीत. त्या स्वतः घुमटात गेल्या आणि झाकण उघडल्याचा आवाज आला.

मोतीबिंदू होता. इस्पितळात जावयानंच गाडीतून नेलं. लेक मागं आईजवळ बसली होती. वाटेत बायकोला राहवेना. "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या..."

"पुढचं बोलू नकोस," आबा म्हणाले. जावई इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. लेकही हसली, आणि मग खिडकीकडं तोंड करून रडली.

शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आबा पुन्हा डोंगरावर आले. नोकरी जाईल असं त्यांनी धरलंच होतं. पण बाईंनी यंत्र दुरुस्तीला पाठवलं होतं आणि एक नवा नियम केला होता: रोज दोन माणसांचे अंगठे. दुसरा अंगठा कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

सकाळी आबा कट्ट्यावर गेले तर बाई आधीच उभ्या. आबांनी उजव्या डोळ्यानं बघितलं. इतकं गडद निळं त्यांनी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. तोंडावर आलेलं "उघडा" त्यांनी गिळलं आणि ते म्हणाले, "बाई, आता तुम्ही बघा."

बाईंनी अंगठा धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"निळं आहे," त्या म्हणाल्या. मग हात खाली न घेताच त्यांनी विचारलं, "त्या दिवशीही असंच असेल ना, आबा?"

"हो बाई," आबा म्हणाले. "असंच असणार."

बाईंनी मान हलवली. आबा झाकण उघडायला आत गेले.