काटेमामांचे चारशे ग्रॅम

बॉक्सिंग क्लबात त्यांना सगळे काटेमामा म्हणत. लढतीआधी खेळाडूंचं वजन करायचं काम त्यांच्याकडे, आणि माणूस असा काटेकोर की पन्नास ग्रॅम जास्त भरलं तरी समोरच्याला कपडे घालून घरी पाठवत. एकदा खुद्द अध्यक्षांच्या मुलाला असंच परत धाडलं होतं. असा हा माणूस हल्ली क्लबाची पायरी चढायला घाबरत होता, आणि कारण काय, तर एक पाटी.

क्लबाला पन्नास वर्षं झाली म्हणून सेक्रेटरीच्या डोक्यात आलं, की आजवरच्या लाइटवेट, म्हणजे साठ किलोच्या आतल्या बॉक्सरांच्या क्रमवारीची पाटी भिंतीवर लावायची. खालचे आठ नंबर दहा मिनिटांत ठरले. पहिला कोण आणि दुसरा कोण, यावर मात्र आठवडाभर रणकंदन. एक होता तुफान, मामांचा सख्खा भाचा, दोन वर्षांपूर्वी वारलेला. दुसरा डावखुरा, आता कोपऱ्यावर सलून चालवणारा. तुफानचे कप जास्त, पण डावखुऱ्याचा बचाव असा, की त्याच्या नाकाला कोणाचा ठोसा सहसा शिवलाच नाही. दोघं समोरासमोर आले ते एकदाच, आणि तुफान एका गुणाने जिंकला. खरं तर वाद तिथेच मिटायला हवा, पण मिटला तर तो क्लब कसला! शेवटी ठरलं, दोघांना जवळून पाहिलंय ते काटेमामांनी, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

तेव्हापासून मामा क्लब टाळू लागले. त्या लढतीच्या सकाळी भाचा काट्यावर उभा राहिला, तेव्हा साठ किलोच्या वर चारशे ग्रॅम भरले होते. दोन दिवस पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठ फाटलेले, आणि तो हळूच 'मामा' म्हणाला. बस, तेवढंच. मामांनी कागदावर साठ लिहिलं. दुसरा कोणी असता तर? छे, विचारायलाच नको. पलीकडे बाकावर डावखुरा खाली वाकून बूट बांधत होता. त्या लढतीनंतर तो पुन्हा रिंगणात उतरला नाही.

एकतीस वर्षं मामांनी हे गिळून ठेवलं, आणि वर दर महिन्याला त्याच्याच खुर्चीत बसून केस कापून घेतले. दर वेळी आज सांगूच म्हणून निघायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचे. स्वतःचीच लाज वाटायची, पण जीभ काही वळायची नाही. त्या मंगळवारी सलून रिकामं होतं. गळ्याभोवती कापड बांधून झालं आणि मामांनी आरशात बघत सगळं सांगून टाकलं.

कात्री थांबली.

"मामा," डावखुरा म्हणाला, "तो माझ्यापेक्षा भारी होता, हे मनाला पटवायला मला दहा वर्षं लागली. पटलं, तेव्हा कुठे माणसांत आलो. आज तुम्ही मोकळे झालात. आता मी काय करू?"

माफीचे शब्द मामांनी घरून जुळवून आणले होते, ते तसेच परत न्यावे लागले. डावखुऱ्याने दोन्ही कल्ले सारखे केले, मानेवरचे केस झटकले आणि बजावलं, की क्लबात हे काढू नका, गेलेल्या माणसाची कशाला बदनामी, त्याची आई अजून आहे. ती आई म्हणजे मामांची थोरली बहीण.

संध्याकाळी क्लबात सगळे जमले होते. पहिला डावखुरा, भाचा दुसरा, एवढंच मामांनी सांगितलं. कोणीतरी कारण विचारलं. मामांनी तोंड उघडलं, पण बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि शब्द फुटेना.

सेक्रेटरीला कारणाची गरजच नव्हती. "बघा, सख्ख्या भाच्यालासुद्धा सूट नाही. याला म्हणतात काटेकोर!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत मामा मान खाली घालून उभे होते. लोक म्हणाले, लाजले.