रेड फिल्टर आणि शेवंतामावशींचं कुंकू

"भाऊ, हिचं कुकू कुटं गेलं?" आबांनी प्रिंट खिडकीच्या उजेडात धरली. "मी जित्ता हाय की अजून."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की, कपाळ कोरं.

आबा आंदर मावळातले. त्यांची बायको शेवंतामावशी सवाष्ण गेली आणि उद्या तेरावा होता. लग्नानंतरचा दोघांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो माझ्या वडिलांनी आमच्या ह्याच लोणावळ्याच्या स्टुडिओत काढलेला. त्याच्याशेजारी लावायला मावशींचाही तसाच फोटो हवा होता. हातात मात्र पुतण्याच्या लग्नातला मोबाइलचा रंगीत फोटो, मागे जांभळे लाइट.

हल्ली हे काम म्हणजे चुटकीसरशी. सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फिल्मसारखे तयार इफेक्ट असतात, त्यांना प्रीसेट म्हणतात. बटण दाबलं की रंग जातो आणि वर ग्रेन येतो, म्हणजे फिल्मवर दिसायचे ते रवाळ ठिपके. चेहरा नितळ यावा म्हणून मी रेड फिल्टरचा प्रीसेट लावला होता. तो लाल रंग उजळ करतो. त्यात कातडीवरचे डाग जातात, तसं कुंकूही गेलं.

"आबा, ब्रशने रंगवून देतो."

दिलं रंगवून. त्यांनी मान हलवली. "ही टिकली झाली. ती कुकू बोटानं लावायची, जरा फिसकटलेलं."

मग मूळ फाइल पुन्हा उघडली. कुठला रंग किती गडद दिसावा, हे स्लायडर ओढून हाताने ठरवता येतं. लाल खाली ओढत गेलो, तसं कुंकू उमटत गेलं. डार्करूममध्ये ट्रेतल्या कागदावर चेहरे असेच वर यायचे. फोटो पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्याचा तो आंबूस वास, पावसाळ्यात दिवसदिवस न वाळणाऱ्या प्रिंट. फार आठवण येते मला त्या खोलीची.

कुंकवाबरोबर सुरकुत्या आल्या, उन्हाचे डागही आले.

"वय जास्त दिसतंय आबा. चेहरा साफ करू?"

"नगं. त्या जुन्या फोटूत पोरगी हाय. ही माजी म्हातारी हाय."

प्रिंट हातात आल्यावर त्यांनी कुंकवावर अंगठा टेकवला, मग अंगठा निरखून बघितला आणि प्रिंट पिशवीत घातली.

तेव्हापासून बाईमाणसाचा फोटो आला की मी रेड फिल्टरला हात लावत नाही. नवरा जिवंत आहे का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. आपल्यालाच विचारावं लागतं.