दादाच्या हातातल्या बांगड्या

पावरलूमचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणारा आमच्या अख्ख्या लोधीपुरा मोहल्ल्यात मी एकटाच, अशी माझी भारी घमेंड होती. घरचे चार माग. मिस्त्रीकाम माझं. दोन माग माझा थोरला भाऊ चालवायचा, दोन एक कारागीर. कोपऱ्यात कांडी मशीन होतं, त्यावर वहिनी आणि शेजारची एक बाई बसून धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायच्या. खटखट एकसारखी असली की माग ठीक, हा माझा कायदा. तोच कायदा मी दादाला लावला आणि माती खाल्ली.

दादाच्या छातीत दोन-तीन वर्षं धडधड होती. मध्येच ठोका चुकायचा, मध्येच चार ठोके एकदम पडायचे. "इंदौरला दाखवून येऊ का रे?" तो विचारायचा. मी म्हणायचो, लगीनसराई होऊ दे. ती झाली की म्हणायचो, दिवाळी होऊ दे. शेवटी मागापाशीच चक्कर येऊन पडला, तेव्हा कुठे नेलं.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वरचा डावा कप्पा दाबून रक्त खाली ढकलायचं सोडून नुसता थरथरतोय. त्यांनी जांघेतल्या शिरेतून तार वर नेली, कप्प्याला आतून बारीक बारीक चटके दिले आणि हृदयातल्या विजेच्या भलत्या वाटा बंद केल्या. रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली, तीन महिन्यांनी तपासायला बोलावलं. घरी आल्या आल्या मी दादाच्या पाठीला कान लावला. वा! काय सुरेख ठोका! मी वहिनीला म्हटलं, "पेढे मागवा, तुमचा माग दुरुस्त झाला." आठ दिवसांत मी त्याला परत कामावर उभा केला.

महिनाभरानं तो जवळ आला. बोलताना मध्ये थांबत होता.

"भाऊ, दम लागतो रे. थोडे दिवस मला कांडीवर बसव. बसून काम आहे ते."

एवढंच मागितलं त्यानं. एक बसायची जागा. मी त्याचं मनगट धरलं, डोळे मिटून ठोके मोजले आणि हात झटकून दिला.

"ठोका घड्याळासारखा चाललाय! नाचता येईना अंगण वाकडं. ढोंग करू नको, दादा."

त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. बाजारात गेलो, सहा हिरव्या बांगड्या घेतल्या, मोठ्यातल्या मोठ्या मापाच्या. सगळ्यांसमोर त्याच्या मागावर ठेवल्या आणि म्हटलं, "बायकांच्या जागी बसायचंय ना? मग आधी ह्या भर हातात!"

कारागीर खो खो हसला. मीही हसलो. शेजारच्या बाईनं मान खाली घातली, वहिनी उठून आत गेली. दादानं बांगड्या रुमालात गुंडाळून खिशात घातल्या आणि माग चालू केला. त्याचे ओठ काळसर पडले होते. मला दिसले नाहीत, असं मी म्हणणार नाही. मला दिसले होते.

पुढे त्याला आडवं झोपवेना. पाय सुजले, जिना चढताना तो तीनदा बसायचा. जी वहिनी मला कधी उलट शब्द बोलली नव्हती, ती एका सकाळी दारात उभी राहून म्हणाली, "नेता का त्यांना? की मी एकटीच बसमध्ये घालून नेऊ?" मग नेलं.

डॉक्टरांनी इको केला. पडद्यावर हृदय हलत होतं. मी आपला हुशारी दाखवायला गेलो, "साहेब, ठोका तर बरोबर आहे ना?"

"ठोका उत्तम आहे," ते म्हणाले. "पण हाताला लागतो तो खालच्या कप्प्याचा. वरचा बघा. वेळेवर हलतो, पण दाबत नाही. भिंत कडक झाली आहे, रक्त घ्यायला फुगत नाही. ते रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. माणूस तिथेच गुदमरतो."

"म्हणजे तुमच्या चटक्यांनी झालं!" मी आवाज चढवला.

"चटक्यांचे व्रण आहेतच, नाही म्हणत नाही. पण बहुतेकांचा कप्पा यानंतर सुधारतो. हे आमच्याकडे आले तेव्हाच यांचा ताणून निकामी होत आला होता. इतकी वर्षं कशासाठी थांबलात?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या सुरू केल्या, उभ्याचं काम कायमचं बंद म्हणाले. आधीसारखा होईल का, हे वहिनीनं विचारलं. ते नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कांडी मशीनपाशी गादी घातली. दादा आला, बसला आणि खिशातून रुमाल काढला. वहिनीकडून साबण मागवला. वहिनी रडत होती, तरी त्यानं तो हाताला चोळला आणि एकेक बांगडी चढवायला लागला. मागावर घासून रुंद झालेला हात तो, जाईना. दोन फुटल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे धार थांबेना. चार मात्र चढल्या.

"दादा, काढ रे. मी पाया पडतो तुझ्या."

"का? तूच तर आणल्यास."

ही गोष्ट जुनी झाली. दादा अजून कांडीवरच बसतो, दहा पावलं चालला की भिंत धरतो. बांगड्या त्यानं उतरवल्या नाहीत. चार मागांच्या खटखटीतही त्या मला ऐकू येतात, माझा कानच तसा आहे. काढ म्हटलं की तो हसतो, बांगड्यांचा हात माझ्यापुढे करतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "बघ बरं मिस्त्री, ठोका बरोबर आहे ना?"

मला मनगट धरावं लागतं. ठोका बरोबर असतो.